ट्रकला नंबर आहे, ड्रायव्हरला नाही

दिवाळीला सटाण्याला गेलो की पहिले दोन दिवस मी फुकटचा टेक सपोर्ट असतो. कुणाच्या फोनमधली जागा संपलेली, कुणाला पीक विम्याचा ओटीपी येत नाही, कुणाचा प्रिंटर हट्टाला पेटलेला. यंदा मामांनी समोर एक प्लॅस्टिकची पिशवी आणून ठेवली. आत एफआयआरची नक्कल, पंचनामा, दोन लायसन्सच्या झेरॉक्स आणि वकिलाची पत्रं. पिशवी ओळखीची होती. माझ्या मामेभावाच्या अपघाताची.

थोडक्यात सांगतो. दोन वर्षांपूर्वी ताहराबाद रोडवर समोरून येणाऱ्या ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं. रस्त्याच्या कडेला कांद्याचा ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रकला थांबायचं नव्हतं, एवढीच गोष्ट. पोरगा वाचला. मांडीत रॉड आहे. डाळिंबाच्या बागेत फवारणीचा पंप पाठीला लावून आता त्याला उभं राहता येत नाही. वय तेव्हा सव्वीस.

केस चालू आहे, तिच्याबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. म्हणायचंय ते त्या दोन झेरॉक्सबद्दल. दोन्ही लायसन्स एकाच माणसाची. फोटो तोच, मिशी तीच. एक शेजारच्या राज्यातलं, जे त्यानं पोलिसांना दाखवलं. दुसरं आपल्या महाराष्ट्रातलं. हे दुसरं शोधून काढलं विमा कंपनीच्या तपासनिसानं. पोलिसांनी नाही, आरटीओनं नाही. ज्याला पैसे वाचवायचे होते त्यानं! आणि मग कळलं, की महाराष्ट्रातलं लायसन्स आधीच्या एका अपघातानंतर सहा महिन्यांसाठी निलंबित झालेलं होतं. आमचा अपघात त्या सहा महिन्यांच्या आतला.

मामांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "तुमना कॉम्प्युटरमा हाई दिसत नही का रे?"

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हे दिसत नाही का? 'तुमच्या' म्हणजे माझ्या. मामांच्या लेखी बँकेपासून आरटीओपर्यंत जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरना मी जबाबदार आहे. त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पुण्याला परत येईपर्यंत गाडीत तोच प्रश्न डोक्यात. आज शनिवार, म्हटलं लिहूनच टाकू.

आमचं गाव ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना जरा कल्पना देतो. सटाण्याच्या पोटातून विंचूर-प्रकाशा रस्ता जातो. बायपासची मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. वर ताहराबाद, पिंपळनेर करत गेलं की गुजरात. खाली मालेगावला मुंबई-आग्रा हायवेला लागलं की मध्य प्रदेश. रस्त्याकडेला चहा घेत अर्धा तास उभं राहा आणि नंबरप्लेटा मोजा: एमएच ४१, एमएच १५, जीजे ०५, एमपी ०९, मधूनच एखादी राजस्थानची, हरियाणाची. इथे राज्याची हद्द ही काही भूगोलाच्या पुस्तकातली रेघ नाही, रोजचा रस्ता आहे. कांदा हद्द ओलांडतो, ट्रक ओलांडतो, ड्रायव्हर ओलांडतो. त्या ड्रायव्हरनं मागे काय केलं ते मात्र हद्दीवरच उतरून जातं.

आता मामांच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर. कॉम्प्युटर आहे. बरा आहे. एनआयसीनं बनवलेलं 'सारथी' लायसन्ससाठी आणि 'वाहन' गाड्यांसाठी. सुरुवातीला प्रत्येक आरटीओचा सर्व्हर वेगळा, डेटा वेगळा; आता वेबवर एकच प्रणाली. २०१८ मध्ये रस्ता सुरक्षेवरच्या समितीनं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं, की सारथी-४ येतंय, त्यानं बोगस आणि दुहेरी लायसन्स देशभरात पकडता येतील. २०१९ मध्ये लोकसभेत नितीन गडकरींनी स्वतःच सांगितलं, की देशातली ३० टक्के लायसन्स बोगस आहेत. (ज्या खात्याचा मंत्री असं म्हणतो त्या खात्याला आपण दर वेळी रांगेत उभे राहून फी भरतो. असो.) त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात २५-अ हे कलम आलं: लायसन्सचं राष्ट्रीय रजिस्टर. आणि १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातच आहे, की अपात्र ठरवलेल्या आणि रद्द केलेल्या लायसन्सची नोंद पोर्टलवर तारीखवार ठेवायची आणि चालकाच्या वर्तनावर लक्ष ठेवायचं. एका माणसाकडे दोन लायसन्स नकोत, हे तर १९८८ च्या मूळ कायद्यात कलम ६ मध्येच आहे.

म्हणजे कायदा आहे, नियम आहे, सर्व्हर आहे. मग घोडं कुठे पेंड खातंय?

माझ्या धंद्यातला कुणीही हे दोन मिनिटांत सांगेल. टेबल बनवलं म्हणजे सिस्टिम झाली असं नसतं. त्यात लिहिणार कोण आणि लिहिलेलं वाचणार कोण, हे ठरवावं लागतं. आपल्याकडे टेबल बनवून, फीत कापून, मंडळी घरी गेली.

आधी लिहिण्याचं बघू. सिग्नल तोडला, वेग मोडला, की ई-चलन येतं. कुणाच्या नावावर? गाडीच्या. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा चालू झाली, तीही वाचते ती नंबरप्लेट. मेसेज जातो मालकाला. मालक फार तर ड्रायव्हरच्या पगारातून कापून घेतो, नाहीतर लोकअदालतीची वाट बघतो. ड्रायव्हर पुढच्या महिन्यात दुसऱ्या मालकाकडे, कोऱ्या पाटीनं. आपल्या देशात ट्रकला चारित्र्य आहे, ड्रायव्हरला नाही! स्वतःच्या गाडीतून फिरणाऱ्या नोकरदाराला हा फरक जाणवत नाही, कारण मालक तोच आणि चालक तोच. पण ज्या गाड्यांनी खरोखर माणसं चिरडली जातात त्यांत हे दोघे बहुतेक वेळा वेगळे असतात.

कॅमेरा सोडा, कोर्टाचं घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम २१ मला फार आवडतं. ते म्हणतं, की धोकादायक वाहन चालवल्याबद्दल ज्याला पूर्वी शिक्षा झाली आहे, त्याच माणसावर पुन्हा तसंच चालवून कुणाला मारल्याचा किंवा गंभीर जखमी केल्याचा गुन्हा नोंदवला गेला, तर त्याचं लायसन्स गुन्हा नोंदवल्याच्या दिवसापासून सहा महिने आपोआप निलंबित. सुनावणी नको, निकाल नको. चोख कलम आहे. फक्त एक सांगा, सटाण्याच्या ठाणेदाराला कसं कळणार की या माणसाला चार वर्षांपूर्वी भरुचच्या कोर्टात शिक्षा झाली होती? माणूस स्वतः सांगेल? 'पूर्वी शिक्षा झाली आहे' ही अट लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं, की ती माहिती कुठेतरी आहे आणि ती बघता येते. माहिती आहेच हो. कोर्टाच्या संगणकात आहे, पोलिसांच्या संगणकात आहे, अपघातांचा एक वेगळा राष्ट्रीय डेटाबेस आहे त्यात आहे. पण प्रत्येकाची की वेगळी. कोर्टात खटल्याचा नंबर, पोलिसांकडे गुन्ह्याचा नंबर, चलनावर गाडीचा नंबर. लायसन्सचा नंबर हा एकच धागा सगळीकडे ओवता आला असता, आणि नेमका तोच आपण सोडून दिला.

तेलंगणाचं उदाहरण बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी गुणांची पद्धत आणली. गुन्ह्याप्रमाणे दंडाचे गुण, दोन वर्षांत बारा झाले की लायसन्स वर्षभर बंद. उत्तम. पण हे गुण तेलंगणापुरते. अकरा गुणांचा धनी निजामाबादहून निघून नांदेडात शिरला की त्याचे झाले शून्य. आणि तेलंगणानं कितीतरी वर्षं सारथी न वापरता स्वतःचंच सॉफ्टवेअर चालवलं, म्हणजे दुधात साखर.

कुणी म्हणेल, हा केंद्र-राज्य वाद आहे, तो काय सुटणार. पण मोटार वाहनं समवर्ती सूचीत आहेत, कायदा केंद्राचा एकच, छापील फॉर्मसुद्धा तोच. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा लायसन्सचा कायदाच वेगळा, तरी त्यांनी १९६० साली कायदा करून वाईट चालकांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. १९६० साली! आपल्याकडे तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतं जन्मलं होतं.

पण अमेरिकेच्या आरत्या ओवाळायला मी बसलेलो नाही. उलट त्यांच्या फजितीतून जास्त शिकता येतं. २१ जून २०१९ ला न्यू हॅम्पशायर राज्यात रँडॉल्फ नावाच्या गावाजवळ एक पिकअप ट्रक आणि मोटरसायकलवाल्यांचा जथा यांची टक्कर झाली. सात जण गेले. चालकाचं लायसन्स मॅसॅच्युसेट्सचं. महिनाभर आधी त्याला तिसऱ्याच राज्यात, कनेटिकटमध्ये, नशेत गाडी चालवल्याच्या आरोपाखाली अटक झाली होती, आणि तेवढ्यावर त्याचं लायसन्स थांबायला हवं होतं. कनेटिकटनं मॅसॅच्युसेट्सला कळवलं होतं का? कळवलं होतं. संदेश पोहोचला होता का? पोहोचला होता. तो 'माणसानं तपासून बघायचे' अशा रांगेत पडून राहिला. मग चौकशीत निघालं, की परराज्यातून टपालानं आलेल्या अशा नोटिसांची खोकीच्या खोकी कुणी उघडलेलीच नाहीत. हजारो नोटिसा. खात्याच्या प्रमुख बाईंना राजीनामा द्यावा लागला आणि हजाराहून जास्त लायसन्स घाईघाईनं निलंबित झाली. (प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की २०२२ मध्ये ज्यूरीनं त्या चालकाला अपघाताच्या आरोपांतून निर्दोष सोडलं. पण त्या दिवशी त्यानं स्टिअरिंगवर असायलाच नको होतं, हे काही त्यानं बदलत नाही.)

ज्यांनी क्यू सांभाळलेत त्यांना हे वाचून पोटात गोळा येईल. मेसेज पाठवला, पोचपावती आली, डॅशबोर्ड हिरवा, आणि पलीकडे उचलणारं कुणी नाही. म्हणून 'राज्यांनी माहितीची देवाणघेवाण करावी' अशी गुळगुळीत मागणी मी करणार नाही. देवाणघेवाण होते हो. घेतलेल्याचं काय केलं, हे कुणीतरी मोजलं पाहिजे. परराज्यातून आलेली निलंबनाची नोंद किती दिवसांत लायसन्सवर चढली, त्याची मुदत ठरवा. मुदत उलटली की नोंद आपोआप चढू दे आणि उशिराचा खुलासा अधिकाऱ्याकडे मागा. आत्ता उलट आहे. कुणी काही केलं नाही तर लायसन्स चालू राहतं.

आता हरकती. पहिली माझीच, आणि ती खरी अवघड आहे.

त्या दोन झेरॉक्स मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकावर आडनावात 'व्ही', दुसऱ्यावर 'डब्ल्यू'. एकावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. जन्मतारीख एकावर ऑगस्टमधली. दुसऱ्यावर १ जून.

१ जून! आपल्या खेड्यापाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकायचे. माझ्या वडिलांची १ जून, दोन्ही काकांची १ जून, मामांचीही १ जूनच. एके काळी आम्ही एका ग्राहकासाठी दुहेरी नोंदी शोधायचं काम केलं होतं, तेव्हा नाव आणि जन्मतारीख जुळली की तोच माणूस, असा नियम लावला. बाहेरच्या देशात तो झकास चालतो. आपल्याकडे एकाच तालुक्यातले 'संजय पवार, १ जून' एवढे निघाले की मॅनेजरला वाटलं प्रोग्रॅममध्ये बग आहे. आणि इंग्रजी स्पेलिंग? सोनवणे तीन तऱ्हेनं, अहिरे चार तऱ्हेनं, दत्तात्रयची तर मोजदादच नको.

याचा अर्थ, आंधळेपणानं नोंदी जुळवल्या तर कुठल्या तरी निरपराध संजय पवारचं लायसन्स भलत्याच्या पापासाठी बंद पडेल. आणि तो संजय पवार पिकअप चालवून घर चालवत असेल. त्याला महिनाभर आरटीओच्या चकरा म्हणजे महिनाभर चूल बंद. मामांच्या पोराचं नुकसान मला दिसतं, तसं याचंही दिसलं पाहिजे.

यावर अमेरिकेच्या त्या नोंदवहीत एक साधी युक्ती आहे. १९८२ च्या कायद्यानं त्यांनी तिचा आराखडा बदलला. मध्यवर्ती ठिकाणी चालकाचा इतिहास ठेवायचाच नाही. ठेवायचं फक्त नाव, जन्मतारीख वगैरे ओळख, आणि 'याच्याबद्दल अमुक राज्याला विचारा' अशी खूण. नवीन लायसन्स मागायला माणूस आला की त्या वहीत बघायचं. खूण दिसली की त्या राज्याकडून मूळ नोंद मागवायची, तोच माणूस आहे का ते तपासायचं, मग ठरवायचं. प्रोग्रॅमरच्या भाषेत, पॉइंटर. वही निकाल देत नाही, बोट दाखवते. आपल्याकडे फोटो आहे, आधार आहे, त्यामुळे तपासणं त्यांच्यापेक्षा सोपं. अट एकच: खूण दिसल्यावर संबंधित माणसाला नोटीस, आणि ठरावीक दिवसांत सुनावणी. मग तो १ जूनवाला संजय पवारही वाचेल आणि दोन लायसन्सवाला मिशाळही सापडेल.

दुसरी हरकत ढाब्यावर ऐकू येते: मरतो तो गरीब ड्रायव्हरच. ती मी हसण्यावारी नेणार नाही. जानेवारी २०२४ आठवतो? नव्या न्याय संहितेत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आली म्हणून देशभर ड्रायव्हर रस्त्यावर उतरले. मनमाडजवळ पानेवाडीला टँकर थांबले आणि आमच्याकडे पंपावर रांगा लागल्या. सरकारनं दोन दिवसांत माघार घेतली, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं. ड्रायव्हरांचा राग मला समजतो. एका क्षणाच्या चुकीला दहा वर्षं, आणि त्याआधीच्या दहा वर्षांच्या बेफिकिरीची साधी नोंद नाही, हा कुठला न्याय? वीस वर्षं ट्रक चालवून एकही ओरखडा नसलेला माणूस आणि तिसरा अपघात करणारा माणूस, मालकाच्या दारात उभे राहिले की आज दोघे सारखेच दिसतात. काम त्यालाच मिळतं जो कमी पैसे मागतो. नोंद असण्यात चांगल्या ड्रायव्हरचाच फायदा आहे. संघटनांनी ही मागणी स्वतः करायला हवी.

मालकांचं म्हणाल तर त्यांना एक जुनी सबब आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयाची आहे. २००३ च्या लेहरू प्रकरणात न्यायालय म्हणालं, की मालकानं लायसन्स बघितलं, माणूस गाडी नीट चालवतो ते पाहिलं, की झालं. देशभर पसरलेल्या आरटीओंकडे जाऊन ते खरं की खोटं हे विचारत बसण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. २००३ साली हे अगदी बरोबर होतं. कुठे सटाणा आणि कुठे सिलिगुडी. पण आज तोच मालक फास्टॅगचं बॅलन्स, ट्रकचं जीपीएस आणि लासलगावचा कांद्याचा भाव एकाच फोनवर बघतो. ड्रायव्हरच्या संमतीनं, त्याच्या फोनवर ओटीपी घेऊन, गेल्या पाच वर्षांतल्या निलंबनाच्या नोंदी बघायला त्याला किती वेळ लागेल? जड वाहनावर आणि शाळेच्या बसवर माणूस ठेवताना हे बघणं सक्तीचं करा, आणि बघितलं नाही तर विम्याची वसुली थेट मालकाकडून करा. एका वर्षात सगळे बघायला लागतील.

अजून एक कोडं आहे, ते मला स्वतःला सुटलेलं नाही. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला त्या महागड्या गाडीनं दोन तरुण इंजिनीअरांना चिरडलं. गाडी कर्नाटकातल्या तात्पुरत्या नोंदणीवर, चालवणारा अल्पवयीन. कायद्याच्या १९९-अ कलमानुसार अशा मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळू शकत नाही. ठीक. पण ज्याला लायसन्सच कधी दिलेलं नाही, त्याच्यावरची बंदी लायसन्सच्या रजिस्टरमध्ये कुठे लिहायची? रो-च नाही! अमेरिकन वहीत लायसन्स नाकारलेल्यांचीही खूण ठेवतात. आपल्याकडे असा मुलगा अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर दुसऱ्या राज्यात नव्या पत्त्यावर अर्ज घेऊन गेला, तर खिडकीतल्या कारकुनाला नेमकं काय दिसायला हवं, याचं उत्तर कुणीतरी आत्ताच लिहून ठेवलं पाहिजे. नोंद लायसन्सची नको, माणसाची हवी, असं माझं मत.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली किती वारंवार चुकणाऱ्या चालकांमुळे मेली, हे मोजायचं तरी आधी चालकाची सलग नोंद लागेल.

सटाण्याहून निघायच्या आदल्या रात्री मी मामांच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की परिवहनच्या साइटवर त्याची स्थिती दिसते. पिशवीतल्या कागदांवर दोन्ही होतं. शेजारच्या राज्यातल्या लायसन्सचा नंबर टाकला, जन्मतारीख १ जून टाकली, चित्रातली अक्षरं दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा पान उघडलं.

स्थिती: अॅक्टिव्ह.

मामांनी विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, कागद पुन्हा पिशवीत घालून त्यांनी तिला गाठ मारली. पुढची तारीख जानेवारीत आहे.